शनिवार दुपारचं बोलिंग अमेरिकेत परत येईल का?

डेट्रॉइटकर

आधीच सांगतो, क्रिकेटमधली बॉलिंग नव्हे, दहा पिना पाडायचं बोलिंग. मी अठरा वर्षं मिशिगनमध्ये आहे, त्यातली चौदा वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी लीग खेळलो, म्हणजे ठरलेल्या टीमचे दर आठवड्याचे सामने. मार्चमध्ये आमचं सेंटर बंद झालं. बत्तीस लेनचं होतं, जागा विकली गेली. शेवटच्या मंगळवारी तिसरा गेम संपल्यावर कोणी घरी जाईना, तेव्हा मागचा म्हातारा मेकॅनिक बाहेर आला आणि म्हणाला बसा, आणि मग आत जाऊन त्याने एकेक मशीन बंद करायला घेतलं, ३२ नंबरपासून उलट. बोलिंग सेंटरमध्ये जो सारखा घरघराट असतो तो आपल्याला ऐकूच येत नाही इतकी सवय झालेली असते, तो एका बाजूने कमी कमी होत आमच्यापर्यंत आला आणि थांबला. माझ्या टीममधला एकजण फोर्डच्या प्लँटमधून रिटायर झालेला, एकोणऐंशी वर्षांचा, तो उठला आणि रिकाम्या लेनकडे बघत नुसता उभा राहिला.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे म्हणून धागा काढतोय. हा खेळ इथे केवढा मोठा होता याची आपल्या लोकांना कल्पना नसते, मलाही नव्हती, त्या रिटायर्ड मित्रानेच सगळं सांगितलं.

१९५८ मध्ये ॲक्रन, ओहायोच्या एडी एलायस नावाच्या वकिलाने ३३ खेळाडू जमवून प्रोफेशनल बोलर्स असोसिएशन, म्हणजे पीबीए, काढली. डॉन कार्टर, डिक वेबर, कार्मेन साल्विनो ही त्यातली मंडळी. १९६२ पासून एबीसी चॅनलवर शनिवारी दुपारी फायनल लाइव्ह लागायला लागली आणि ती १९९७ पर्यंत चालली, पस्तीस वर्षं, क्रिस शेंकेलची कॉमेंट्री. १९६४ मध्ये डॉन कार्टरने एबोनाइट या बॉल बनवणाऱ्या कंपनीशी दहा लाख डॉलरचा करार केला, एवढ्या रकमेचा जाहिरात करार कुठल्याही खेळातल्या खेळाडूने केलेला तो पहिलाच असं मानतात. १९६५ मध्ये ॲक्रनला फायरस्टोन टायर कंपनीने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स भरवली, ती बिली हार्डविकने जिंकली, बक्षीस २५,००० डॉलर. त्याच वर्षी गोल्फची मास्टर्स जॅक निक्लॉसने जिंकली, त्याला मिळाले २०,०००. गोल्फपेक्षा बोलिंगला जास्त!! आणि २०२५ च्या मास्टर्सला पहिलं बक्षीस ४२ लाख डॉलरचं होतं आणि बोलिंगची मोठी स्पर्धा जिंकली तर साधारण लाखभर डॉलर.

हे कसं झालं आणि परत वर येण्यासारखं आहे का, तुम्हाला काय वाटतं?

---

पर्वतीपायथा

छान लिहिलंय. मशीन बंद करतानाचं वाचून गलबलून आलं. मला यातलं काही माहीत नाही, आपल्याकडे बोलिंग म्हणजे मॉलमध्ये कोणाचा तरी वाढदिवस, दोन गेम आणि नाचोज. पण सरळ विचारतो, माणूस बॉल टाकतो, पिना पडतात, परत बॉल टाकतो, परत पिना पडतात. हे तासभर टीव्हीवर कोण आणि का बघेल? वाईट वाटून घेऊ नका.

---

डेट्रॉइटकर

पर्वतीपायथा, वाईट अजिबात नाही वाटलं, उलट तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. या खेळातली जी खरी अवघड गोष्ट आहे ती डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे तेल.

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. त्यातल्या पहिल्या ३५ ते ४८ फुटांवर तेलाचा पातळ थर असतो, तो रोज मशीनने लावतात. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या लाकडावर पकड घेतो आणि वळतो. लेनची रुंदी ३९ पट्ट्यांची, आणि कुठल्या पट्टीवर किती तेल आणि किती फुटांपर्यंत, यावर सगळा गेम. साध्या सेंटरमध्ये तेल मधे भरपूर आणि कडेला कमी असतं, म्हणजे तुमचा बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्या पट्ट्या त्याला आत आणतात, आत गेला तर मधलं तेल त्याला धरून ठेवतं. लेनच तुम्हाला सांभाळून घेते. प्रो स्पर्धेत तसं नसतं, तेल सपाट, जवळपास सारखं पसरलेलं, तिथे एक पट्टी इकडेतिकडे झाली की संपलं. वर दर बॉलबरोबर तेल सरकतं, काही बॉलला चिकटून जातं, म्हणजे पहिल्या फ्रेमला (एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या) जी लेन होती ती सहाव्याला नसते. क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर पाचव्या दिवसाची खेळपट्टी, पण ती दर दहा मिनिटांनी बदलतेय आणि कोणालाच दिसत नाहीये, ना प्रेक्षकाला ना खेळाडूला. खेळाडू फक्त बॉल कुठे वळला त्यावरून अंदाज बांधतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण २०११ ची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स, लास व्हेगास. एकूण दहा लाख डॉलरची स्पर्धा. सेमीफायनलला फिनलंडचा मिका कोइवुनिएमी आणि अमेरिकेचा टॉम डॉहर्टी. एकच लेनची जोडी, एकच वेळ, दोघेही जगातले वरचे खेळाडू. स्कोअर २९९-१००. मिकाची शेवटची एक पिन राहिली नाहीतर परफेक्ट ३००, म्हणजे शक्य तेवढा सगळ्यात जास्त स्कोअर, होते, आणि समोरच्याचे १००, टीव्ही फायनलमधला सगळ्यात कमी स्कोअर. शंभर तर मॉलमध्ये तुमचा भाचा पण करेल. ज्यांना तेल माहीत नाही त्यांनी म्हटलं हा कसला प्रो. ज्यांना माहीत आहे ते बघत होते की एका माणसाला लेनचं कोडं सुटलंय आणि दुसऱ्याला कुठूनच वाट सापडत नाहीये, तो उभं राहायची जागा बदलून बघतोय, बॉल बदलून बघतोय आणि काही म्हणजे काही चालत नाहीये. मला ती मॅच बघताना डॉहर्टीसाठी पोटात तुटत होतं. आणि तो नंतर मेजर, म्हणजे टूरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, पण जिंकला, हे मुद्दाम लिहितोय.

---

जुना_लेफ्टी

तेलाचं बरोबर आहे, पण धाग्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही असं मला वाटतं. तेल १९७० मध्ये पण दिसत नव्हतं की, तरी लोक बघत होते. मी १९८४ ला शिकायला बफेलोला आलो तेव्हा आमचा घरमालक शनिवारी दुपारी फोन उचलायचा नाही. मार्क रॉथ आणि अर्ल अँथनी. अँथनी डावखुरा, बारीक कापलेले केस, चष्मा, दिसायला अगदी बँकेतला अकाउंटंट, पण १९७५ मध्ये एका सीझनला लाख डॉलर कमावणारा पहिला बोलर तो, आणि १९८२ मध्ये करिअरचे दहा लाख पूर्ण करणारा पण पहिला तोच. मी स्वतः डावरा, त्याच्यामुळेच खेळायला लागलो. रॉथ एकदम उलट, बाकीच्यांपेक्षा जास्त पावलं घेऊन धावत यायचा आणि बॉलला असा पीळ द्यायचा की अंगठा सोलून निघायचा. १९७८ ला एका सीझनमध्ये आठ टायटल. १९८० मध्ये ७-१० स्प्लिट टीव्हीवर पहिल्यांदा त्याने काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन अगदी टोकाच्या मागच्या पिना उभ्या राहतात आणि एका बॉलमध्ये दोन्ही पाडायच्या.

माझ्या मते कारण साधं आहे, जाहिरातवाल्यांना तरुण प्रेक्षक पाहिजे होता आणि बोलिंग बघणारे घरमालकासारखे होते. त्यात केबल आलं, शंभर चॅनल झाले, शनिवारी दुपारी बघायला दुसरं काहीतरी मिळालं. १९९७ ला एबीसीने सोडलं तेव्हाच खेळ संपला.

---

डेट्रॉइटकर

लेफ्टीकाका, केबलचं मान्य. पण घरमालक का बघत होता ते पण बघा ना. मी पैज लावून सांगतो तो स्वतः लीग खेळत असणार.

---

जुना_लेफ्टी

खेळायचा. गुरुवारी. रेल्वेच्या लोकांची टीम होती. त्याच्या शर्टावर मागे टीमचं नाव भरतकाम केलेलं होतं.

---

डेट्रॉइटकर

बघा, माझं म्हणणं तेच आहे. प्रो बोलिंग टीव्हीने मोठं केलं नाही, लीगने मोठं केलं, टीव्हीने फक्त ते दाखवलं. ५० च्या दशकात पिना आपोआप लावणारी मशीन आली, त्याआधी पिनबॉय म्हणून पोरं मागे बसून हाताने पिना लावायची. मशीन आल्यावर सेंटरं रात्रभर चालायला लागली, कारखान्यात तीन शिफ्ट तशा लीगच्या पण शिफ्ट. डेट्रॉइट, मिलवॉकी, बफेलो, ॲक्रन, सेंट लुइस, सगळी कारखान्यांची गावं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी देशभरात नोंदणी केलेले लीग खेळाडू नव्वद लाखांच्या वर होते, आज दहा लाखांच्या आसपास. म्हणजे तेव्हा शनिवारी टीव्ही लावणाऱ्या माणसाने त्याच आठवड्यात स्वतः बॉल टाकलेला असायचा, त्याला तेल दिसत नसलं तरी मनगटाला माहीत होतं की १० नंबरची, उजव्या कोपऱ्यातली पिन का राहते. समजणारा प्रेक्षक होता. तो गेला आणि मग टीव्ही गेला.

दुसरी एक गोष्ट जी बोलली जात नाही. १९९२ च्या सुमाराला रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल आले. आधीचे रबराचे, मग प्लॅस्टिकचे, मग ८० च्या दशकात युरेथेन. रेझिनचा बॉल लेनला असा पकडतो की पिनांमध्ये घुसताना कोन जास्त मिळतो, थोडा चुकला तरी स्ट्राइक, म्हणजे एका बॉलमध्ये दहाही पिना. त्यात सेंटरवाल्यांनी तेल अजून सोपं केलं, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. परिणाम असा की पूर्वी गावात एखाद्याने ३००चा परफेक्ट गेम टाकला तर पेपरात फोटो यायचा, सोन्याची अंगठी मिळायची, आता आमच्या एका लीगमध्येच सीझनला पाचसहा होतात. माझ्या लीगमध्ये २३५ ॲव्हरेजचा प्लंबर होता. तो रविवारी टीव्हीवर प्रो खेळाडूला २१० टाकताना बघायचा आणि म्हणायचा मी याच्यापेक्षा चांगला आहे. त्याला कितीदा समजावलं की बाबा तो वेगळ्या तेलावर खेळतोय. मग एकदा आमच्या सेंटरने उन्हाळ्यात प्रो पॅटर्नची, म्हणजे प्रो स्पर्धेसारखं तेल टाकून, छोटी लीग ठेवली, तेव्हा हाच माणूस पहिल्या रात्री १६८, १५१, १७४. तिसऱ्या गेमनंतर तो गप्प बसून बुटाची नाडी सोडत होता आणि मला म्हणाला, हे लोक हे करतात? त्यानंतर त्याने एकही टेलिकास्ट चुकवलं नाही. हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून सांगतो, खेळ कंटाळवाणा नाहीये, खेळ किती कठीण आहे हे लोकांपर्यंत पोचत नाहीये.

---

न्यूजर्सीतली_आई

आज बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. माझी मुलगी हायस्कूलच्या बोलिंग टीममध्ये आहे, आमच्याकडे तो शाळेचा अधिकृत खेळ आहे, हिवाळ्यात चालतो. मला पण आधी वाटलेलं हे काय खेळ, पण तिला भरतनाट्यम सोडून पहिल्यांदाच काहीतरी इतकं मनापासून करताना बघतेय. प्रो शॉपमध्ये तिचा पहिला बॉल केला तेव्हा त्या काकांनी शिंपी ब्लाउजचं माप घेतो तसं तिच्या हाताचं माप घेतलं, प्रत्येक बोटाचं वेगळं, दोन पेरांमधलं अंतर, अंगठ्याचं भोक तीन वेळा घासून दिलं आणि आत टेप लावायला शिकवलं कारण अंगठा दिवसभरात सुजतो आणि उतरतो.

तिने सांगितलेली गोष्ट लिहिते. केली क्युलिक आमच्या न्यूजर्सीचीच, युनियन गावची. २००३ मध्ये बायकांची प्रो टूर पैशाअभावी बंद पडली, बारा वर्षं बंद होती, २०१५ ला परत सुरू झाली. मधल्या काळात खेळणार कुठे? तर ती पुरुषांच्यात खेळली. २०१० च्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या फायनलला तिने क्रिस बार्न्सला २६५-१९५ हरवलं, पुरुषांच्या टूरचं टायटल जिंकणारी पहिली बाई. मी विचार करते, टेनिसमध्ये किंवा गोल्फमध्ये हे घडलं असतं तर जगभर महिनाभर तेच चाललं असतं. हिच्या बाबतीत चार दिवस बातम्या आल्या आणि संपलं. याचा मला खूप राग येतो.

आणि खेळ मेलाय असं पोरांकडे बघून वाटत नाही हो. कॉलेजमध्ये मुलींची एनसीएए (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संस्था) चॅम्पियनशिप २००४ पासून आहे, स्कॉलरशिप मिळतात. सगळी पोरं दोन हातांनी टाकतात आता.

---

सातवी_ब

दोन हातांनी?? ते चालतं?

---

डेट्रॉइटकर

चालतं. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी, न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावचा, आईबाबांचंच बोलिंग सेंटर होतं. लहानपणी बॉल जड म्हणून दोन हातांनी टाकायचा, मग ते सोडलंच नाही. अंगठा भोकात घालतच नाही, त्यामुळे बॉलला फिरकी भयंकर मिळते. अमेरिकेत आला तेव्हा जुने लोक म्हणायचे ही फसवणूक आहे, बंदी घाला. आज त्याच्या नावावर १५ मेजर आहेत, अर्ल अँथनी आणि पीट वेबर दोघे १० वर थांबले. पोरं त्याच्यामुळे आली आणि यूट्यूबमुळे आली, हे मला मोठं आशेचं वाटतं.

---

कबड्डीवाला_परळ

माझा एक प्रश्न. आपल्या कबड्डीचं पण असंच होतं ना, २०१४ ला प्रो कबड्डी आली, लाइट, म्युझिक, तीस सेकंदांची रेड, आणि घराघरात बायका रेडरची नावं घ्यायला लागल्या. बोलिंगला तसं कोणी करत का नाही? शांतपणे टाय लावून बसलेले प्रेक्षक असतील तर कसं होणार.

---

डेट्रॉइटकर

केलंय तसं, आणि चांगलं केलंय. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तिघांनी पीबीए विकत घेतली, साधारण पन्नास लाख डॉलरला, ईएसपीएनवर गेली, म्युझिक आलं, खेळाडूंना ओरडायची मुभा दिली. २०१३ पासून टीमची लीग आहे, ती २०१५ पासून पोर्टलंड, मेनच्या एका छोट्या सेंटरमध्ये होते, तिथले लोक खेळाडू बॉल टाकत असताना पण बोंबलत असतात, बघाच एकदा. २०१९ ला टेलिकास्ट फॉक्सकडे गेलं आणि त्याच वर्षी बोलेरो या सेंटरं चालवणाऱ्या कंपनीने पीबीएच घेतली. पडद्यावर बॉलचा रस्ता रेषेने दाखवतात, स्पीड, फिरकी सगळं. मधे टीव्हीच्या लेनवर तेल निळं रंगवून पण बघितलं, लोकांना दिसावं म्हणून. मला ती कल्पना मनापासून आवडली होती.

पण कबड्डीचं म्हणाल तर तुम्ही परळचे आहात, तुम्हाला जास्त माहीत. प्रो कबड्डी आली तेव्हा तुमच्याकडे मंडळं जिवंत होती ना? गल्लीत माती टाकून सामने होत होते ना?

---

कबड्डीवाला_परळ

हो. माझे वडील गिरणीत होते, मंडळाकडून खेळायचे. गिरण्या गेल्या पण मंडळ राहिलं. आजही संध्याकाळी पोरं प्रॅक्टिसला असतात. कळलं तुमचं म्हणणं, इथे मुळं होती म्हणून वरती मांडव घालता आला.

---

डेट्रॉइटकर

अगदी हेच. इथे कारखाना गेला आणि त्याबरोबर मंडळ पण गेलं. आता सेंटरं आहेत तिथे पण शनिवारी रात्रीचे लाइट, पिझ्झा, पार्टी, ताशी भाडं, त्यात पैसा जास्त. तीस आठवडे दर मंगळवारी त्याच वेळेला येणारी वीस माणसं मालकाला परवडत नाहीत. धंदा म्हणून मी समजू शकतो. आणि आता दोरीला बांधलेल्या पिनांची मशीन येतायत, मेकॅनिक लागत नाही, खर्च कमी, २०२३ पासून त्यांना वेगळा प्रकार म्हणून मान्यता पण मिळाली. पण दोरीची पिन मोकळ्या पिनेसारखी उडत नाही, आडवी पडून दुसरीला घेऊन जात नाही. ज्या पोराने दोरीवरच शिकलं त्याला टीव्हीवरचा स्ट्राइक बघून काय वाटणार?

मला एवढंच वाटतं की प्रो टूरने चॅनल बदलण्यापेक्षा प्रत्येक गावात एक सेंटर धरावं आणि वर्षातून एक आठवडा तिथे प्रोचं तेल टाकून साध्या लोकांना खेळू द्यावं. माझ्या प्लंबर मित्राचं जे झालं ते लाखभर लोकांचं होऊ दे.

---

जुना_लेफ्टी

हे पटलं. मी माझं जाहिरातवाल्यांचं कारण मागे घेत नाही, पण हे त्याच्या आधीचं कारण आहे. २०२१ ला ॲन्थनी नॉयर नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने ७-१० काढला, टीव्हीवर तीस वर्षांनी, तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो. फोन करून सांगायला कोणी नव्हतं. घरमालक असता तर त्याला केला असता.

---

बंगळुरूतून

भारतातलं थोडं. नॅशनल होतात आपल्याकडे, तामिळनाडूचा शब्बीर धनकोट अनेक वर्षं वरच्या फळीत आहे, बंगळुरूत पण चांगले खेळाडू आहेत. पण सेंटर म्हणजे मॉलच, सरावाचं भाडं खिशातून. एशियन गेम्समध्ये बोलिंग १९७८ ला आलं, १९८२ ला दिल्लीत मात्र नव्हतं, आणि २०१८ नंतर परत काढलं. ऑलिम्पिकला १९८८ सोलला फक्त प्रदर्शनीय होतं, टोकियोसाठी शेवटच्या आठ खेळांत होतं पण घेतलं नाही. ऑलिम्पिक असतं तर सरकारी मदत मिळाली असती, इतकंच.

---

पर्वतीपायथा

परत आलोय. ती २९९-१०० वाली मॅच बघितली, पूर्ण. तेल माहीत नसतं तर दोन मिनिटांत बंद केली असती. चौथ्या फ्रेमपासून मी पिनांकडे बघतच नव्हतो, तो हरणारा माणूस कुठे उभा राहतोय ते बघत होतो.

काल पुतणीला घेऊन मॉलमध्ये गेलो होतो. बॉल परत आला तेव्हा सहज उजेडात धरला तर त्यावर बारीक ओलसर गोल रेघ होती, एकच, बांगडीसारखी. बोट फिरवलं तर तेल. हे तेच का?

---

डेट्रॉइटकर

तेच. सेंटरच्या प्लॅस्टिक बॉलवर एकच रेघ येते कारण तो एकाच जागेवर घासत जातो. प्रोच्या बॉलवर सातआठ रेघा असतात, पंख्यासारख्या पसरलेल्या, कारण आतल्या वजनामुळे बॉल प्रत्येक फेरीला थोडा कलतो आणि कोरडी जागा लेनला लावतो. टेलिकास्टमध्ये बघा, खेळाडू बॉल उचलला की पहिल्यांदा त्या रेघा बघतो आणि मग टॉवेलने पुसतो. पुढच्या वेळी पुतणीला पण दाखवा.